बदली खेळाडूनं नाही म्हणायले पायजे होतं

सीरियलवरून भांडणाऱ्या लोकायचा मले आधीपासून राग येते. पडद्यावरचा माणूस खोटा, त्याची टीम खोटी, त्याचं हारणं-जिंकणं कुठंतरी ऑफिसात बसून कोणीतरी लिहिलेलं, अन् त्याच्यापायी पन्नाशीले टेकलेले बाप्ये एकमेकाले भैताड म्हणून राहिले. असं सांगतो, पण मागच्या वर्षी सात हप्ते सगळ्यात जास्त भांडलो तो मीच. ज्याच्यासंग भांडलो तो आता नाही. म्हणून हे लिहून राहिलो.

कॉलेजात होतो तेव्हा सौसरात आमची कबड्डीची टीम होती. सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात बऱ्यापैकी नाव होतं. मंग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोट्टे पांगले. मी पांढुर्ण्याले जिनिंगमध्ये लागलो, रुईच्या धुळीत खोकत खोकत सुपरवायझर झालो. एक जण बोरगावले कंपनीत आहे, एक तिगावच्या शाळेत मास्तर आहे. आमचा कप्तान तेवढा सौसरातच राह्यला, बसस्टँडच्या मागं वेल्डिंगचं दुकान टाकून. टीमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात वर्षानुवर्षं वाढदिवसाचे केक अन् मयतीचे निरोप, एवढंच येये.

त्या ग्रुपमध्ये जान आली ती त्या सीरियलनं. हिंदी सीरियल, कॉमेडी. एका लहान गावची कबड्डीची टीम, जी कधी जिंकतच नाही. तिचा कप्तान बढाया मारणारा, कोच अर्धा बहिरा, अन् बेंचवर कायम बसलेला एक बदली खेळाडू, ज्याले कोणी मैदानात उतरवत नाही. त्याच्याकडं टीमची औषधाची पेटी सांभाळायचं काम. पहिल्या दोन सीझनमध्ये आम्ही नुसते हसलो. बदली खेळाडू पडद्यावर आला का ग्रुपवर कोणीतरी माहा जुना फोटो टाकून दे. कारण आमच्या टीमचा बदली खेळाडू मी होतो.

तिसरा सीझन आला तेव्हा कप्तानाच्या ऑपरेशनले चार महिने झाले होते. नागपूरले केलं. तोंडाचा कॅन्सर. डाव्या बाजूचा जबडा काढला, मांडीचं मांस गालाले लावलं, नाकातून नळी टाकली. घशातून आवाज निघे, पण त्याचे शब्द समजत ते फक्त वहिनीले. म्हणून तो मोबाइलवर लिहून दाखवे. मैदानात त्याचा दम घुमला का रस्त्यावरचे लोक थांबून पाहत. त्याच माणसाचं बोलणं आता मले चष्मा लावून वाचा लागे, अन् याचं मले जेवढं वाईट वाटे तेवढं त्याले कधी वाटलेलं दिसलं नाही.

सीरियलचा नवा भाग शुक्रवारी येये. मी इतवारी जेवण करून पांढुर्ण्याहून बस धरायचो अन् दोन वाजता त्याच्या घरी हजर. वहिनी खाटेसमोर टीव्ही लावून देत, त्याच्या पाठीमागं दोन उशा, मले प्लास्टिकची खुर्ची. चाळीस मिनिटं सीरियल, अन् मंग तास-दीड तास भांडण. मी तोंडानं, तो अंगठ्यानं. त्याचं लिहून होईपर्यंत थांबा लागे, अन् थांबणं माह्या स्वभावात नाही, मी मधातच बोलून जायचो. मंग तो लिहिलेलं सगळं पुसे अन् पुन्हा पहिल्यापासून लिही. मले वाटते मुद्दाम करे.

"तुमचं काय चालते हो भाऊजी एवढं?" वहिनी स्वयंपाकघरातून विचारत. "ह्यायले दम लागते."

"मले नाही लागत का?" मी म्हणायचो. "एवढं बोलून मीच थकून राहिलो. तो तर आरामात पडला आहे."

तो हसे. त्याचं हसणं आता एकाच बाजूनं होये, दुसरी बाजू तशीच राहे. त्याच्याकडं पाहून मीही हसायचो अन् लगेच टीव्हीकडं पाहायचो.

पाचव्या भागापासून सगळं बिघडलं. सीरियलमध्ये फायनलच्या आदल्या दिवशी कप्तानाचा गुडघा सुजते. तो बदली खेळाडूले म्हणते, पेटीतलं इंजेक्शन दे, उद्या खेळायचंच आहे. डॉक्टरनं बदली खेळाडूले समोर बसवून सांगितलेलं असते का हे इंजेक्शन घेऊन खेळला तर पाय कायमचा जाईल. कप्तानाले ते माहीत नाही. बदली खेळाडूले माहीत आहे, तरी तो देते. काहून देते, तर अख्ख्या टीमनं त्याले नावानं हाक मारावी असं त्याच्याजवळ तेवढं पेटीचंच एक काम असते. टीम पहिल्यांदा जिंकते. कप्तान त्यानंतर कुबडीवर येते. अन् हे सगळं कॉमेडीच्या मधात, कोच कानात मशीन उलटी घालून बसला आहे असं दाखवत.

सोमवारी ग्रुप पेटला. तिगावच्या मास्तरनं लिहिलं, "दोन सीझन त्याले भोळा दाखवला अन् आता हे. असा माणूस बदलते का एकदम? सीरियलवाल्यायले कॅरेक्टर सांभाळता आलं नाही." बोरगाववाला म्हणे, "बदलला कुठं? तो पहिलेपासूनच घाबरट होता. आता घाबरटपणाचं फळ दाखवलं, बरोबर आहे." कोणी म्हणे कप्तानाचीच चूक, तो काय कुकुलं बाळ होता. कोणी म्हणे बदलीवाल्याले जेलमध्ये टाका. मी जिनिंगमध्ये मशीनच्या आवाजात उभा राहून लिहीत होतो, माहे अंगठे दुखून आले. मी लिहिलं का मागणाऱ्यानं मागितलं, देणाऱ्यानं देलं, त्यात देणाऱ्याचा काय गुन्हा? त्यानं नसतं देलं तर दुसऱ्या कोणी देलं असतं. कप्तान म्हणजे कप्तान, त्याले नाही म्हणायची बेंचवरच्या माणसाची काय औकात?

"बदलीवाला बदलीवाल्याचीच बाजू घेणार," मास्तरनं लिहिलं, अन् खाली सगळ्यायनं हसणारी तोंडं टाकली.

दुपारी उशिरा कप्तानाचा निरोप आला. तो ग्रुपवर क्वचितच लिही. "एवढ्या तीन सीझनमध्ये ह्या बदली खेळाडूनं एकदा तरी नाही म्हणायले पायजे होतं. नाही म्हटलं नाही तर माणूस बदलला कुठं? तो जिथं होता तिथंच आहे. लिहिणाऱ्याची चूक आहे."

मी ते वाचलं अन् मोबाइल खिशात टाकला. पुढं कोणी काय लिहिलं ते मी पाह्यलं नाही. मी हात पँटले पुसून राहिलो होतो, जसं काही त्यायले काही लागलं आहे.

आता जे सांगतो ते मी कधी कोणाले सांगितलं नव्हतं. माह्या बायकोलेही नाही.

आमच्या टीममध्ये एक रीत होती. जो बेंचवर बसेल त्यानं खर्रा घोटायचा. इकडच्या माणसाले खर्रा सांगा लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगतो: कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, अन् हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून तळहातानं घोटत राहायचं. चुन्याचा पांढरा ठिपका दिसेनासा झाला अन् पन्नी हाताले गरम लागली का झाला. मैदानातून बाहेर येणाऱ्याच्या हातात तो तयार पायजे. बेंचवर बाकीचे येऊन-जाऊन बसत, मी कायमचा बसलेला. सहा वर्षांत मी मैदानात उतरलो असेल दहा-बारा वेळा, तेही हारलेल्या मॅचमध्ये. दमात कमी, पायात कमी. पण घोटण्यात माह्यासारखा कोणी नव्हता. कप्तान पानठेल्यावरचा मशीनचा खर्रा थुंकून दे अन् म्हणे, "मशीनले काय समजते बे, याच्या हातचा पायजे." मॅचच्या मधात त्यानं माह्याकडं पाहून डाव्या तळहातावर उजव्या हाताचा अंगठा दोनदा घासला का मी पन्नी काढायचो. ती त्याची खूण. दुसऱ्या गावी खेळायले जायचं असलं अन् जीपमध्ये जागा कमी पडली, तर चांगले दोन खेळाडू गाळले जात, पण मले गाळलं नाही कधी.

मी स्वतः कधी खाल्ला नाही. पोट्टे विचारत, काहून नाही खात बे, तर मी म्हणायचो पोटात मळमळते. खरी गोष्ट वेगळी होती. माहा बाप खर्ऱ्यानंच गेला. मी नववीत होतो. आधी त्याचं तोंड उघडेनासं झालं, दोन बोटं जाईना. माय चहात पोळी कालवून बोटानं आत ढकले. मंग गालाले भोक पडलं. तो गेल्यावर माय आम्हाले घेऊन सौसरले मामाकडं आली, अन् मामानं सांगून ठेवलं का कोणी विचारलं तर पोटाच्या दुखण्यानं गेला म्हणायचं. मी तेच म्हणत राह्यलो. सौसरात कोणालेच माहीत नव्हतं. खर्रा घोटताना मी तोंड दुसरीकडं करून घोटायचो, कारण तो वास आला का मले बापाची खाट आठवे. अन् तरी घोटायचो. रोज. चांगला घोटायचो. माहा हाच वांधा होता का मले टीममध्ये राहायचं होतं, अन् राहायचा दुसरा रस्ता मले येत नव्हता.

म्हणजे सीरियलवाल्या बदली खेळाडूले डॉक्टरनं सांगितलं होतं. मले कोणी सांगायची गरज नव्हती. मी घरात पाह्यलं होतं.

त्यानंतरच्या इतवारी गेलो तर कप्तान आणखी वाळलेला. रेडिएशननं मानेची कातडी काळी पडली होती. सहाव्या भागात बदली खेळाडूले कोचचा असिस्टंट करतात, सगळे त्याले मिठ्या मारतात, कुबडीवाला कप्तानही मारते, अन् पाठीमागं गाणं वाजते. कप्तानानं मोबाइल घेतला अन् किती वेळ लिहीत राह्यला.

"हे काय आहे? मिठी मारली का झालं? ह्यानं साधं सांगितलं तरी का, का मले माहीत होतं म्हणून? कप्तानाले आजही वाटते का नशीबच खराब. फालतू लिहिलं आहे."

"सांगून काय होणार होतं?" मी म्हटलं. "पाय परत येणार होता का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली अन् लिहिलं, "पायाचं नाही सांगून राहिलो मी. माणसाचं सांगून राहिलो."

मले पक्कं वाटलं का याले माहीत आहे. कोणी सांगितलं असेल, बापाच्या गावच्या कोणी, दवाखान्यात कोणी भेटलं असेल. हा मले सीरियलच्या आडून बोलून राहिला, मी कधी तोंड उघडतो याची वाट पाहून राहिला. मी म्हटलं, "बस निघून जाईल," अन् उठलो. घड्याळात साडेतीनच वाजले होते.

सातव्या भागाच्या आधी त्याले पुन्हा नागपूरले नेलं अन् दोन दिवसांत परत आणलं. वहिनीनं फोनवर एवढंच सांगितलं का डॉक्टर म्हणे आता घरीच ठेवा, जे मागतील ते द्या. मी तीन-चार दिवस तेच डोक्यात घेऊन फिरलो. जिनिंगमध्ये गाठींचे नंबर चुकवले, मालकाचं ऐकून घेतलं. शेवटी ठरवलं का या इतवारी सांगायचं. जे व्हायचं ते होवो. तो मले हाकलून देईल, वहिनी मले घरात पाय ठेवू देणार नाहीत, ग्रुपमधून काढतील. पण तो असताना सांगायचं. तो गेल्यावर सांगायले कोणी राहणार नव्हतं.

इतवारी गेलो. त्याचे डोळे आत गेले होते, पण जागा होता. आम्ही सातवा भाग पाह्यला. त्यात काही नव्हतंच, नुसता बहिऱ्या कोचच्या लग्नाचा गोंधळ. कप्तान मधात दोनदा झोपला. भाग संपला तेव्हा त्यानं डोळे उघडले, माह्याकडं पाह्यलं, अन् डाव्या तळहातावर उजव्या हाताचा अंगठा दोनदा घासला.

पंचवीस वर्षांनी ती खूण पाह्यली. आधी मले समजलंच नाही. त्यानं पुन्हा घासला, मंग नाकाकडं बोट दाखवलं, जिथून नळी जात होती, अन् दुसऱ्या नाकपुडीवर बोट टेकवलं.

वहिनी दारात आल्या होत्या. "वास घ्यायचा म्हणतात," त्या म्हणाल्या. "कालपासून मागून राहिले. खायचं तर काही उरलं नाही. मी पानठेल्यावरचा आणला होता तर हात मारून फेकून देला. तुमच्याच हातचा पायजे म्हणतात. द्या ना घोटून, भाऊजी. डॉक्टरनं आता काहीच मना केलं नाही." त्यायनं टेबलावर एक पुडकं ठेवलं. सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, कोरी पन्नी.

मी उभा राह्यलो. मले वाटलं हीच ती वेळ. हा मले शेवटची संधी देऊन राहिला. पाचव्या भागापासून तो लिहिणाऱ्यायले शिव्या देऊन राहिला का यानं एकदा तरी नाही म्हणायले पायजे होतं, अन् आता तो खूण करून पाहून राहिला का हा तरी 'नाही' म्हणते का.

"नाही," मी म्हटलं. "नाही घोटत. तेव्हाच म्हणायले पायजे होतं, आता म्हणतो." अन् मंग सगळं सांगून टाकलं. बापाचं तोंड, मायचं बोट, मामानं सांगितलेली खोटी गोष्ट. पोटात मळमळते म्हणायचो ते खोटं होतं. मले माहीत होतं का या पन्नीतून काय जाते, अन् तरी सहा वर्षं मी तुह्या हातात देत राह्यलो, कारण तू मले जीपमध्ये घ्यायचा. मी रडत होतो का ते मले माहीत नाही, पण आवाज फाटला होता. "माह्या हातानं आता नाही," मी म्हटलं. "मरेपर्यंत नाही."

टीव्हीवर पुढच्या भागाची झलक चालू होती, वहिनीनं येऊन ती बंद केली. कप्तान माह्याकडं पाहत होता. त्याच्या तोंडावरून काही कळायले जागाच राह्यली नव्हती, अर्धं तोंड डॉक्टरनं बनवलेलं. त्यानं मोबाइल घेतला. त्याचा अंगठा आता हळू चाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी मधात बोललो नाही.

त्यानं मोबाइल माह्याकडं फिरवला. "मी सीरियलचं बोलत होतो बे."

मंग परत घेतला अन् खाली आणखी लिहिलं. "मले फक्त वास पायजे होता."

मोबाइल उशीखाली ठेवून त्यानं डोळे मिटले. मी त्या पुडक्याकडं पाहत उभा होतो. वाकून उचलायचं होतं, दोन मिनिटांचं काम होतं, माह्या हाताले आजही येते. पण मी आत्ताच मरेपर्यंत नाही म्हटलं होतं, अन् लगेच उचलायची मले लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी मी ते उचललं नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमची बस निघून जाईल, भाऊजी." घड्याळात किती वाजले ते मी पाह्यलं नाही. निघालो.

बसमध्ये ठरवलं का पुढच्या इतवारी जायचं, जाताच घोटायचं, त्याच्या उशाशी बसून, चुन्याचा ठिपका जाईपर्यंत. तो गुरुवारी सकाळी गेला.

शुक्रवारी आम्ही त्याले अग्नी देऊन आलो, अन् त्याच दिवशी सीरियलचा शेवटचा भाग आला. ग्रुपवर दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मंग बोरगाववाल्याले राहवलं नाही. त्यानं लिहिलं का बघा, शेवटी झालं ना कप्तानाच्या मनासारखं. शेवटच्या भागात म्हणे टीमचा नवा रेडर बदली खेळाडूले तेच इंजेक्शन मागते, अन् तो पेटी बंद करून नाही म्हणते, अन् मंग जुन्या कप्तानाकडं जाऊन सगळं कबूल करते. मास्तरनं लिहिलं का मानलं पायजे, आता त्या माणसाचा प्रवास पूर्ण झाला. दुसऱ्यानं लिहिलं, "आपला कप्तान असता तर किती खूश झाला असता." मी तो भाग पाह्यला नाही. अजूनही पाह्यला नाही, अन् पाहणारही नाही. सगळे लिहीत होते का हा सीझन सगळ्यात भारी.

दहाव्याले सगळी टीम आली. नदीवर जायच्या आधी मी घरात गेलो तर वहिनी भिंतीले टेकून बसल्या होत्या. मले वाटलं त्या माह्याशी बोलणार नाहीत. इतवारपासून बोलल्या नव्हत्या. त्यायनं आतून ते पुडकं आणलं, तेच, सुतळी तशीच बांधलेली, अन् माह्या हातात देलं.

"पिंडाजवळ त्यायच्या आवडीचं ठेवा लागते ना," त्या म्हणाल्या. "लिहून गेले आहेत." अन् त्यायनं त्याचा मोबाइल उघडून माह्यासमोर धरला. त्या इतवारचंच होतं, मी गेल्यानंतर अर्ध्या तासानं लिहिलेलं. कोणाले पाठवलेलं नाही, नुसतं लिहून ठेवलेलं.

"दहाव्याले खर्रा बदलीवाल्यानंच घोटायचा. तेव्हा त्याले नाही म्हणता येणार नाही."

मी वहिनीकडं पाह्यलं. त्यायनं मान खाली घातली अन् पदरानं मोबाइलची काच पुसत राह्यल्या. त्यानं ते हसून लिहिलं का रागानं, मले माफ केलं का शेवटपर्यंत हिशेबात धरलं, हे मी त्यायले विचारलं नाही. त्यायलेही माहीत नसावं.

नदीत पाणी कमी होतं. बामणानं पिंड मांडले, भात, वडे, एक संत्रं. टीम अर्धगोल करून उभी. मी काठावरच्या दगडावर बसलो, मांडीवर पन्नी पसरली, सुपारी टाकली, तंबाखू टाकला, बोटानं चुना लावला, अन् घोटायले लागलो. हाताले सगळं आठवत होतं. थोड्या वेळानं मास्तर म्हणाला, "झालं असेल बे, ठेव आता, ऊन वाढून राहिलं." मी थांबलो नाही. पांढरा ठिपका अजून दिसत होता. पन्नी गरम झाली तेव्हा मी ती उघडली अन् पिंडाजवळ ठेवायले वाकलो. ठेवायच्या आधी मी ती नाकाजवळ नेली. आयुष्यात पहिल्यांदा तोंड न फिरवता मी त्या खर्ऱ्याचा पुरा वास घेतला, त्याच्या वाट्याचा.